एकशे सत्तेचाळीसाचे एकशे साठ

व्हीसीडीची डीव्हीडी करावयाची असल्यास चित्राला हात लावू नये आणि आवाजाला लावल्यावाचून राहू नये, एवढे एकच वाक्य लिहून हा लेख संपविता आला असता. परंतु संपादकांनी पाने मोकळ्या हाताने दिली आहेत, आणि वीसेक वर्षांपूर्वी या एका वाक्यापर्यंत येण्यास मला ज्या रात्री खर्ची घालाव्या लागल्या त्यांचा हिशेब कोठेतरी रुजू करावा, अशी इच्छाही पुष्कळ दिवसांची आहे.

इतिहासाचे देणे आधी चुकते करतो. फिलिप्स, सोनी, मात्सुशिता आणि जेव्हीसी या कंपन्यांनी 1993 साली व्हीसीडीची संहिता सिद्ध केली. डीव्हीडी 1996 च्या अखेरीस जपानात विक्रीस आली. 1998 साली चीनने सुपर व्हीसीडी नावाचा मधला मार्ग काढला, पण तिची 480 बाय 576 ची चौकट डीव्हीडीच्या कायद्यात बसत नाही, आणि म्हणून या लेखातही बसत नाही.

माझ्याकडच्या तबकड्या बाजारातल्या नव्हत्या. आमच्या गावच्या हौशी मंडळींनी ‘संगीत सौभद्र’चा जो प्रयोग केला, त्याचे व्हीएचएस टेपवर शूटिंग झाले होते आणि पुढे त्याच्या तीन-तीन व्हीसीड्यांचे संच करून मंडळींत वाटले गेले होते. नाट्यगृहात मध्यंतर निदान नाटककाराच्या मर्जीने होते; येथे ते तबकडीच्या 74 मिनिटांच्या मर्जीने होई, आणि घटोत्कच सुभद्रेला उचलून नेत असताना घरातील कोणा मुलाला उठून तबकडी बदलावी लागे. सगळे नाटक एका तबकडीवर आणावे, एवढाच माझा प्रारंभीचा उद्देश होता.

तबकडी संगणकात घातली की तिच्यातील एका दप्तरात चित्राची डॅट फाइल सापडते, आणि ती उतरवून घेण्यापासूनच अडचणींचा श्रीगणेशा होतो. साध्या माहितीच्या सीडीवर प्रत्येक कप्प्यात 2,048 बाइट मजकूर आणि त्यामागे चूकदुरुस्तीची जादा तरतूद असते. व्हीसीडीने ही जादा तरतूद काढून टाकून तोच कप्पा 2,324 बाइटांनी भरला. त्यामागचा न्याय मला फार आवडतो: खतावणीत एक आकडा खोटा पडला तर सगळी जमाबंदी कोसळते, पण सुभद्रेच्या शालूवरचा एक ठिपका निमिषभर हिरवा दिसला म्हणून प्रेक्षकांतून कोणी उठून हरकत घेत नाही. परिणाम मात्र असा की विंडोजने कारकुनी वृत्तीने ती फाइल उतरवून घेण्यास आरंभ केला की पहिल्या खोल ओरखड्यापाशी कामकाज तहकूब होते. आयसोबस्टरसारखे साधन ओरखड्याची नोंद करून पुढे सरकते. तरीही तिसरी तबकडी दाद देईना, तेव्हा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मी जुन्या ड्राइव्हच्या शोधात दोनदा जाऊन आलो. एका ड्राइव्हला जी तबकडी निरक्षर वाटते ती दुसरा घडाघडा वाचतो, हे ज्ञान तेथील एका दुकानदाराने मला चहासकट फुकट दिले. ड्राइव्हचे पैसे तेवढे घेतले.

फाइल हाती आल्यावर माणसाला पहिला मोह होतो तो चित्र मोठे करण्याचा. व्हीसीडीचे चित्र 352 बाय 288 ठिपक्यांचे, डीव्हीडीचे 720 बाय 576; तेव्हा टीएमपीजीएन्क नावाच्या जपानी प्रोग्रॅमला मी सलग तीन रात्री कामास जुंपले, आणि सकाळी जे निष्पन्न झाले ते आकारमानाने अवाढव्य व गुणाने उणे होते. असे का व्हावे, हे कळण्यासाठी एमपेग या चित्र दाबून बसविण्याच्या पद्धतीच्या पोटात शिरावे लागते. चित्राचे 8 बाय 8 ठिपक्यांचे चौकोन पाडावयाचे, प्रत्येक चौकोनातील छटांचे चढउतार कोसाइन लहरींच्या बेरजेने मांडावयाचे आणि डोळ्यास सहसा न जाणवणाऱ्या बारीक लहरी गाळून टाकावयाच्या, ही ती युक्ती. नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी ती 1974 साली प्रसिद्ध केली. त्यांपैकी अहमद हे मूळचे बंगळूरचे, आणि या कल्पनेसाठी त्यांनी मागितलेले अमेरिकन सरकारी अनुदान त्यांना मिळाले नव्हते, हे वाचल्यापासून अनुदानसमित्यांविषयी माझे मूळचेच बरे नसलेले मत अधिक दृढ झाले आहे. या गाळणीमुळे, आणि एका चित्रातून दुसऱ्या चित्रात जे बदलले तेवढेच लिहिण्याच्या काटकसरीमुळे, सेकंदाला 3 कोटी बिट मागणारे चित्र साडेअकरा लाख बिटांत मावते. असे एकदा गाळलेले चित्र ताणून पुन्हा गाळणीत घातले, तर पहिल्या गाळणीने पाडलेल्या चौकोनांच्या कडा हाच मूळचा ऐवज आहे असे समजून प्रोग्रॅम त्यांचीच इमानाने जपणूक करतो.

आणि हा खटाटोप मुळातच निष्कारण होता! डीव्हीडीच्या नियमावलीत 352 बाय 288 च्या एमपेग-1 चित्राला स्पष्ट मुभा आहे. चित्र जसेच्या तसे डीव्हीडीवर नेता येते आणि 4.7 अब्ज बाइटांच्या एका तबकडीवर सात तासांच्या आसपास मजकूर बसतो, म्हणजे ‘सौभद्र’ संपवून आणखी एक नाटक सुखाने पाहता येते. (संगणक हीच क्षमता 4.38 अशी दाखवितो, कारण तो हजाराऐवजी 1,024 ने भागत जातो. याकरिता दुकानदाराशी हुज्जत घालू नये. मी घातली आहे.)

मज्जाव आहे तो आवाजाला. व्हीसीडीवर आवाजाचे सेकंदाला 44,100 नमुने घेतलेले असतात, आणि डीव्हीडीच्या दारावर या आकड्यास प्रवेश नाही. तेथे 48,000 लागतात. हा 44,100 कोठून आला, याचा शोध घेता घेता माझा एक संपूर्ण पावसाळा गेला, आणि तो सत्कारणी लागला असे मी अजूनही मानतो. 1970 च्या दशकात ध्वनीचे आकडे साठविण्याजोगी ऐसपैस आणि परवडणारी जागा होती ती व्हिडिओच्या टेपवर. म्हणून आवाज काळ्यापांढऱ्या ठिपक्यांच्या रूपाने, आपण चित्रच आहोत असे सोंग घेऊन, यू-मॅटिक टेपवर उतरत असे. चित्राच्या एका रेषेत तीन नमुने बसविले जात. अमेरिका-जपानच्या पद्धतीत प्रत्येक अर्धचित्रात कामी येणाऱ्या रेषा 245 आणि अशी अर्धचित्रे सेकंदाला 60. युरोपच्या आणि आपल्या पद्धतीत रेषा 294 आणि अर्धचित्रे 50. दोन्हीकडे तिनाने गुणून पाहावे, उत्तर 44,100 येते! एरवी कोणत्याच बाबतीत ज्यांचे पटत नाही अशा दोन पद्धतींचा सलोखा ज्या संख्येवर झाला, ती 210 चा वर्ग आहे, म्हणजे 2, 3, 5 आणि 7 या पहिल्या चार मूळ संख्यांच्या वर्गांचा गुणाकार आहे, हे पाहिल्यावर माझी तर त्या रात्री झोपच उडाली. हाच आकडा 1982 साली सीडीबरोबर घरोघर पोहोचला (‘सौभद्र’ रंगभूमीवर आले ते 1882 साली, या शतकाच्या अंतराला काहीही अर्थ नाही, पण मला ते सांगितल्यावाचून राहवत नाही). आणि ज्या आकड्याचा जन्म व्हिडिओच्या टेपवर झाला त्यालाच व्हिडिओच्या नव्या तबकडीने दाराबाहेर ठेवावे, यातील अन्याय मला अद्याप बोचतो.

हे ज्ञान होण्यापूर्वी मी एक लबाडी केली होती. आवाज वेगळा काढून त्याची वेव्ह फाइल केली, तिच्या आरंभीच्या नोंदीतील 44,100 हा आकडा खोडला आणि तेथे 48,000 लिहिले. जन्मतारीख बदललेल्या शाळेच्या दाखल्याप्रमाणे प्रोग्रॅमने तो निमूट स्वीकारला. डीव्हीडी तयार झाली, आणि ती पाहण्यास मी शेजारच्या नानांना बोलावले, कारण त्या प्रयोगात पेटीची साथ त्यांचीच होती. नांदी संपली तशी ते अस्वस्थ झाले, उठून घरी गेले आणि पेटी घेऊन आले.

“अरे, आम्ही काळी एकमध्ये गायलो होतो,” ते म्हणाले. “ही पांढरी दोनच्या पुढे आहे आणि काळी दोनच्या अलीकडे. अशी पट्टी पेटीवर नसतेच. कुठून आणलीस?”

मी कागद घेऊन बसलो. 48,000 ला 44,100 ने भागले की आवाज सुमारे 9 टक्क्यांनी जलद होतो, म्हणजे जवळजवळ दीड पट्टीने चढतो. नानांच्या कानाने जे नांदीत पकडले ते गणिताने मला अर्ध्या तासाने सांगितले. तासाभराचा आवाज 55 मिनिटांत संपत असल्यामुळे तबकडीच्या उत्तरार्धात कृष्ण ओठ न हलविता बोलू लागला होता आणि टाळ्या पद संपण्यापूर्वीच पडत होत्या, पण तेथवर पाहण्याची त्यांना गरजच भासली नव्हती.

खरा मार्ग कष्टाचा आहे. 44,100 आणि 48,000 यांचे प्रमाण 147 ला 160 असे पडते. म्हणून दर 147 नमुन्यांच्या जागी, मूळ लहर जशी वळली असती त्या वळणाचा अदमास घेऊन, 160 नमुने नव्याने रचावयाचे. शेजारच्या दोन नमुन्यांमध्ये नुसती सरळ रेष ओढून भागविणारे प्रोग्रॅम आहेत, त्यांच्यामुळे वरच्या स्वरांत एक कर्कश खरखर येते. सॉक्ससारखे काटेकोर साधन अनेक नमुने मागेपुढे पाहून मगच नवा नमुना ठरविते. असा घडविलेला आवाज पुन्हा एमपेगच्या दुसऱ्या थराच्या सांकेतिक रूपात बांधून, अस्पर्श ठेवलेल्या चित्राशी त्याची मोट बांधली, डीव्हीडीऑथरकडून तबकडीची रचना करून घेतली, आणि नानांना पुन्हा बोलावले.

या खेपेस ते पेटी घेऊनच आले. नांदी सुरू होताच त्यांनी काळी एक दाबून धरली आणि पद संपेपर्यंत बोट उचलले नाही. मग भाता मिटला, चष्मा पुसला आणि म्हणाले, “पट्टी बरोबर आहे. पेटी फार मोठी वाजलीय. तेवढी कमी करता येते का तुझ्या त्या यंत्रात?”