बॅगेत काय घेतलं?

घाईघाईत घर सोडायची वेळ आली, तर बॅगेत काय घ्याल? कागदपत्रं, डाग, लेकरांचे कपडे. युक्रेनचे संगीतकार वालेन्तिन सिल्वेस्त्रोव यांनी घेतले आपल्या संगीताचे हस्तलिखित कागद. २०२२ मध्ये रशियाचा हल्ला झाला, तेव्हा ते ८४ वर्षांचे. लेक आणि नातीसोबत कीव शहर सोडून ते जर्मनीत बर्लिनला पोहोचले.

२०१४ मध्ये कीवच्या चौकात आंदोलकांवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या वर्षी त्यांनी युक्रेनसाठी प्रार्थना रचली. वाद्य एकही नाही, सगळ्यांनी मिळून हळू आवाजात गायची. ना ललकारी, ना सूड. युद्ध पेटल्यावर हीच प्रार्थना देशोदेशी गायली गेली.

तोफेपुढे गाणं काय करणार, असं वाटतं. पण बायांनो, घर मागे राहिलं, गाणं मात्र सोबत निघालं.