एक इंजिन बंद!

शिरूर-दौंडच्या दोस्तांनो, स्टँडवर उभ्या एसटीचं इंजिन चालू राहिलं, की डिझेल फुकट जळतं. विमानाचंही तसंच बरं का! उतरल्यावर थांब्यापर्यंत जाताना, सुरक्षित असेल तर, वैमानिक एक इंजिन बंद ठेवून इंधन वाचवू शकतो. पण रोज लक्षात कसं राहणार?

२०१४ साली व्हर्जिन अटलांटिक या ब्रिटिश विमान कंपनीत एक प्रयोग झाला. ३३५ कॅप्टनांना सांगितलं, ‘इंधनाची नोंद ठेवतोय.’ काहींना दरमहा पत्रानं त्यांचाच हिशेब कळवला. काहींना उद्दिष्टही दिलं. ना दंड, ना दरडावणी! तरी आठ महिन्यांत हजारो टन इंधन वाचलं, तेवढा धूरही टळला. नुसती नोंद होतेय हे कळलेले कॅप्टनसुद्धा सावध झाले!

मॉनिटरांनो, सुटीत वर्गातले दिवे-पंखे कितीदा चालू राहिले, ते रोज फळ्यावर लिहून तर पाहा!