कळलावीची बियांपासून लागवड

श्रावण-भाद्रपदांत सह्याद्रीच्या उतारांवर व कुंपणांच्या जाळ्यांत ज्वाळेसारखीं पिवळीं-तांबडीं फुलें दिसतात, तीं कळलावीचीं होत. पानांच्या टोकांस असलेल्या तणाव्यांनीं ही वनस्पति झुडपांवर चढते. कंद नांगराच्या आकाराचा असल्यामुळें संस्कृतांत तिला लांगली म्हणतात. आयुर्वेदानें तिची गणना उपविषांत केली आहे.

तिच्या बियांत व कंदांत कॉल्चिसीन नांवाचें द्रव्य असतें. वातरक्तावर तें औषध म्हणून देतात. शिवाय वनस्पतींच्या पेशींतील गुणसूत्रें त्यायोगें दुप्पट करितां येतात, असें १९३७ सालीं प्रसिद्ध झालें. बियांसाठीं तामिळनाडूंत कळलावीची शेती होते, परंतु तेथें लागण बहुधा कंदांची असते. कंदांसाठीं डोंगर खणीत गेल्यास रानांतील वेल नाहींसे होतात. म्हणून बियांपासून रोपें करणें अगत्याचें आहे.

बोंडें पिकून तडकूं लागतांच बीं काढावें. वरील तांबडा गर चोळून टाकावा व बीं रात्रभर कोमट पाण्यांत भिजत ठेवावें. नंतर वाळू व कुजलेलें शेणखत घातलेल्या, पाण्याचा चांगला निचरा होणाऱ्या गादीवाफ्यांत तें सुमारें अर्धा इंच खोल पेरावें. कवच कठीण असल्यामुळें उगवण सावकाश व मागेंपुढें होते. तेवढ्यावरून वाफा मोडूं नये. पहिल्या वर्षीं बारीकसा कंदच तयार होतो. पाला सुकला कीं पाणी तोडावें, नाहींतर कंद कुजतो. फुलें बहुधा तिसऱ्या-चौथ्या वर्षीं येतात. फुलांतील स्त्रीकेसराचा दांडा काटकोनांत बाहेर वळलेला असल्यामुळें परागकण आपोआप त्यावर पडत नाहींत. सकाळीं ते हातानें लाविल्यास बीं अधिक धरतें.

आतां मुख्य सूचना. ही वनस्पति सर्वांगीं विषारी आहे. कंद रताळें समजून खाल्ल्यानें माणसें दगावलीं आहेत. ओकाऱ्या व जुलाब कांहीं तासांनीं सुरू होतात, त्यामुळें प्रथम साधें अजीर्ण वाटतें. या विषावर हमखास उतारा नाहीं. यास्तव लक्षणांची वाट न पाहतां रोग्यास ताबडतोब दवाखान्यांत न्यावें व कंदाचा तुकडा बरोबर घ्यावा. बाळंतकळा आणण्यासाठीं तिचा वापर करण्याची जुनी चाल जीवघेणी आहे. वाफ्यास पक्कें कुंपण घालावें, काम हातमोजे घालून करावें, आणि बीं-कंद धान्याच्या कोठारांत कधींही ठेवूं नयेत.

ज्यास तीन वर्षें थांबण्याची ऐपत आहे व मालाचा खरीददार आधींच ठरला आहे, त्यानेंच या पिकास हात घालावा.