एकच चित्रफीत, दोन उजेड

पौष अमावास्येच्या रात्री इंद्रवेल्ली मंडळातील केस्लापूर येथे नागोबाची महापूजा होते. मेस्राम कुळातील गोंड बांधवांची शुभ्र वस्त्रे, पायी जाऊन आणलेले गोदावरीचे जल आणि भोवती गडद काळोख, असे ते दृश्य. आपल्या आदिलाबाद जिल्ह्यात अशा प्रसंगांची चित्रफीत आता घरोघरी मोबाइलवर घेतली जाते. संगणकावर तीत आजोबांचा चेहरा स्पष्ट दिसतो. दूरचित्रवाणीच्या संचावर मात्र तो काळोखात विरून जातो, अथवा सारी रात्रच राखेसारखी करडी भासते. संच बिघडला, असे आपण म्हणतो. वस्तुतः दोन्ही यंत्रे बहुधा निर्दोष असतात. त्यांची बोली तेवढी निराळी असते. मराठी व तेलुगू या दोन्ही भाषा कानांवर असलेल्या आम्हांस हे नवल वाटू नये.

संगणक उजेडाच्या 0 ते 255 अशा 256 पायऱ्या मानतो. 0 म्हणजे निखळ काळे, 255 म्हणजे निखळ पांढरे. दूरचित्रवाणीसाठी 1982 साली जो आंतरराष्ट्रीय संकेत ठरला, त्यात काळा रंग 16 वर आणि पांढरा 235 वर ठेवला गेला. संदेश थोडा हेलकावला तरी तुटू नये म्हणून दोन्ही टोकांस जागा राखली. आता संगणकाने 0 पासून पाठविले आणि संचाने 16 पासून वाचले, तर 16 च्या खालचे सारे बारकावे एकाच काळोखात बुडतात. याच्या उलट घडले, तर काळेही करडे दिसते आणि पांढरे मळकट.

दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. मधला अंक 128 पडद्यावर निम्मा उजेड देत नाही, सुमारे पंचमांशच देतो. जुन्या काचनळीच्या पडद्याचा हा स्वभाव होता. तो मानवी डोळ्यास मानवला म्हणून पुढेही राखला गेला. या वक्रतेचा घातांक संगणकावर साधारण 2.2 असतो, तर अंधाऱ्या खोलीतील दूरचित्रवाणीसाठी 2011 च्या शिफारशीनुसार 2.4. म्हणून छायेतील चेहरे तेथे किंचित अधिक काळवंडतात.

मग उपाय कोणता? चित्रफितीस हात लावण्याआधी संच पाहावा. संचाच्या चित्रविभागात ‘ब्लॅक लेव्हल’ अथवा ‘रेंज’ अशा नावाची कळ असते. ती संगणकाच्या ‘लिमिटेड’ वा ‘फुल’ या निवडीशी जुळवावी. ‘व्हिव्हिड’ ही झगझगीत रीत दुकानातील प्रखर उजेडापुरती बरी; घरी ‘सिनेमा’ वा ‘स्टँडर्ड’ निवडावी. एवढ्यानेच पुष्कळदा काम भागते.

तरीही चेहरा दिसेना, तर संपादनात ‘ब्राइटनेस’ न वाढविता ‘गॅमा’ थोडा वाढवावा. पहिल्याने काळोखही उजळतो. दुसऱ्याने मधल्या छटाच वर येतात. मात्र हे सारे प्रतीवर करावे. काळोखात एकरूप होऊन जतन झालेल्या छटा पुन्हा कोणत्याही यंत्रास निराळ्या काढता येत नाहीत. ज्यांची ही एकच चित्रफीत घरात आहे, त्यांनी मूळ फाइल निराळ्या पेनड्राइव्हवर ठेवूनच पहिली कळ दाबावी.