मायकोरायझा गव्हाला पाणी देत नाही

‘मायकोरायझा टाका, गव्हाचं एक पाणी वाचवा’ हा सल्ला निफाड, सिन्नरकडे बिनदिक्कत दिला जातो. मुळांतली ही बुरशी पाणी तयार करत नाही. जमीन सुकू लागली की स्फुरद मुळापर्यंत सरकणं जवळजवळ थांबतं आणि मुळालगतचा मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा थर रिता होतो. बुरशीचे तंतू मुळांच्या केसांहूनही बारीक असतात. ते त्या रित्या थरापलीकडे काही सेंटिमीटर जाऊन स्फुरद, जस्त आणि सूक्ष्म छिद्रांतली ओल आणतात. बदल्यात पीक त्यांना साखर आणि स्निग्ध पदार्थ पुरवतं. जमिनीत ओलच उरली नसेल तर आणणार काय? म्हणून मुकुटमुळं फुटताना, पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी द्यायचं पाणी या भरवशावर चुकवू नये. पाणी एकच मिळणार असेल, तर आधी कुंदेवाडीच्या संशोधन केंद्राच्या ‘नेत्रावती’सारखा वाण निवडावा.

बुरशी म्हटलं की द्राक्षपट्ट्यात भुरी आठवते, गव्हात तांबेरा. ही बुरशी रोग आणत नाही. वनस्पतींशी तिची भागीदारी ४० कोटी वर्षांहून जुनी आहे. ती म्हणजे ट्रायकोडर्माही नव्हे.

गूळ-बेसनाच्या पाण्यात मायकोरायझा वाढते, हा समज मात्र शेतकऱ्याचा पैसा वाया घालवतो. जिवंत मुळाशिवाय ती वाढतच नाही, म्हणून तिचं बियाणं मका, ज्वारीसारख्या पिकांच्या मुळांवर तयार करतात. वरून फेकूनही फारसं साधत नाही. ती पेरणीच्या ओळीत, गव्हाच्या बियाण्याजवळ पडायला हवी.

सर्वांत महागडी चूक डीएपीची. भरपूर डीएपी आणि वर मायकोरायझा, असा दुहेरी खर्च सर्रास होतो. स्फुरद आयता मिळाला की पीक बुरशीला पोसणं कमी करतं आणि मुळांत तिचा शिरकाव घटतो. माती परीक्षण करूनच स्फुरदाचा डोस ठरवावा.

आधीचं पीकही पाहावं. कांद्याची मुळं आखूड, विरळ. तो या बुरशीवर बराच विसंबतो आणि मागे तिचा साठा ठेवतो. कोबी, फ्लॉवर, मोहरी यांच्या मुळांत ती राहत नाही, त्यामुळे कोबीनंतरच्या गव्हाला बाहेरून दिलेल्या बुरशीचा उपयोग अधिक होण्याची शक्यता असते. गव्हाचा प्रतिसाद मुळात कांद्याइतका ठळक नसतो. तेव्हा पहिल्या वर्षी त्याच वावरात काही ओळी मायकोरायझाविना पेराव्यात, खत-पाणी सारखंच द्यावं आणि दोन्हीकडचा दाणा वेगळा मोजावा.