यांत्रिक हृदयझडपरोपणाचे प्रारंभिक परिणाम : बारामती व इंदापूर तालुक्यांच्या संदर्भात

प्रस्तावना :
हृदयातील चार झडपा रक्ताचा प्रवाह एकाच दिशेने ठेवतात. भारतात त्या निकामी होण्याचे एक प्रमुख कारण म्हणजे रुमॅटिक ज्वर. बालवयात घशाच्या जंतुसंसर्गानंतर उद्भवणारा हा ज्वर पुढे ऐन उमेदीच्या वयात झडप अरुंद वा गळकी करतो. दुरुस्ती शक्य नसल्यास झडप बदलावी लागते. अशा शस्त्रक्रियेच्या प्रारंभिक परिणामांचे ग्रामीण रुग्णाच्या दृष्टीने विवेचन करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

यांत्रिक झडपेचे स्वरूप :
तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली विकसित झालेली भारतीय झडप डिसेंबर १९९० मध्ये प्रथम रुग्णास बसविण्यात आली. धातूच्या चौकटीत कलणारी प्लॅस्टिकची तबकडी, अशी तिची रचना आहे. यांत्रिक झडप जैविक झडपेहून अधिक टिकते. म्हणून तरुण रुग्णांत ती सहसा निवडली जाते. मात्र तिच्यावर रक्ताची गुठळी होऊ नये, यासाठी वॉरफेरिनसारखे औषध आजन्म घ्यावे लागते.

प्रारंभिक परिणाम :
वैद्यकशास्त्रात शस्त्रक्रियेनंतरच्या ३० दिवसांतील मृत्यू, रक्तस्राव, पक्षाघात, जंतुसंसर्ग व हृदयाच्या तालातील बिघाड यांवरून प्रारंभिक यश मोजले जाते. हृदय थकल्यावर उशिरा आलेल्या रुग्णास धोका अधिक असतो. गुठळीचे भय पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असते. म्हणजेच रुग्ण घरी परतल्यानंतरही ते कायम राहते.

स्थानिक संदर्भ :
पुण्यापासून बारामती सुमारे १०० किलोमीटरवर, तर इंदापूर त्याहूनही दूर आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून शस्त्रक्रियेचा खर्च भागू शकतो; परंतु आय.एन.आर. तपासणीच्या प्रत्येक खेपेस बुडणारा रोजगार भरून निघत नाही. तपासणी टळली की औषधाची मात्रा चुकते. ती कमी पडल्यास गुठळी होते आणि जास्त झाल्यास उसाच्या फडात कोयत्याने झालेली जखमही जीवघेणी ठरू शकते. मेथी-पालक वर्ज्य नाहीत, पण त्यांचे प्रमाण रोज सारखे हवे. अंगदुखीची गोळी परस्पर घेऊ नये. गर्भधारणेपूर्वी डॉक्टरांचा सल्ला अनिवार्य आहे.

निष्कर्ष :
झडपरोपणाचे यश शस्त्रक्रियागृहात सुरू होते, परंतु ते टिकते गावात. बारामतीत २०१९ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. आय.एन.आर. तपासणी ग्रामीण रुग्णालयापर्यंत पोहोचणे ही पुढची गरज आहे. आपल्या महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजना शिबिरांतून मुलांच्या घसादुखीवर वेळीच उपचार करण्याचा संदेश दिला, तर काही झडपा मुळातच वाचतील.