मोटारीचे कान : पार्किंग संवेदकातील दोष कसा ओळखावा?

हिवाळ्यातील पहाट. लखनौवर दाट धुके उतरले आहे. चौक भागातील एखाद्या अरुंद गल्लीतून मोटार मागे घेणाऱ्या चालकास आरशात काहीच स्पष्ट दिसत नाही. अशा वेळी तो कानांवर भिस्त ठेवतो. मागे भिंत असेल, तर मोटारीतील यंत्र इशारा देईल. इशारा आला नाही, म्हणजे वाट मोकळी आहे, असे तो समजतो. परंतु या मौनाचे दोन अर्थ संभवतात. एक तर मागे काहीही नाही, अथवा यंत्रच बहिरे झाले आहे. मागे एखादे मूल उभे असेल, तर हा भेद जीवनमरणाचा ठरतो.

भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी मोटारींना मागील बाजूस असे संवेदक बसविणे बंधनकारक झाले आहे. त्यांचे कार्य आणि त्यांतील दोष यांची माहिती सर्वांनाच असणे म्हणूनच इष्ट होय.

संवेदकाचे कार्य

बंपरवर नाण्याएवढ्या ज्या गोल चकत्या दिसतात, त्यांतील प्रत्येकीच्या आत धातूचा पातळ पडदा असून त्याच्या पाठीस सिरॅमिकची तबकडी चिकटविलेली असते. काही पदार्थांवर दाब दिला असता त्यांत विद्युत् निर्माण होते, हे झाक व प्येर क्यूरी या फ्रेंच बंधूंनी १८८० मध्ये दाखविले. याच्या उलट, विद्युत् दिली असता असे पदार्थ आकुंचन-प्रसरण पावतात. ही तबकडी दर सेकंदास ४०,००० किंवा त्याहून अधिक वेळा कंप पावते. मनुष्याच्या कानास सुमारे २०,००० कंपनांपलीकडील ध्वनी ऐकू येत नाही; म्हणून यास श्राव्यातीत ध्वनी म्हणतात.

ध्वनीचा अल्पकालीन स्पंद बाहेर पडतो, भिंतीवर आपटून परत येतो आणि तीच तबकडी तो ऐकते. २० अंश सेल्सिअस तापमानास ध्वनी हवेतून सेकंदास सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे एक मीटरवरील भिंतीचा प्रतिध्वनी सुमारे ६ सहस्रांश सेकंदात परत येतो. एवढ्या कालावधीवरून यंत्र अंतर काढते.

या श्रवणास काही स्वाभाविक मर्यादा आहेत. घंटा ठोकल्यावर तिचा नाद जसा रेंगाळतो, तसा पडदाही स्पंद सोडल्यावर क्षणभर थरथरत राहतो. तेवढ्या वेळात त्यास काही ऐकू येत नाही. त्यामुळे अगदी निकटची वस्तू निसटू शकते. बारीक खांबाकडून प्रतिध्वनी क्षीण येतो, तिरकस पृष्ठभाग तो भलतीकडे वळवितो आणि लोकरीचे वस्त्र तो शोषून घेते. हे यंत्रातील बिघाड नव्हेत.

दोषाचा शोध

अठराव्या शतकाच्या अखेरीस इटलीतील स्पालान्झानी या शास्त्रज्ञास असे आढळले, की डोळे निकामी केलेले वटवाघूळ अडथळे चुकवून उडते. परंतु त्याचे कान बंद केले, तर ते आदळते. एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची आणि परिणाम पाहावयाचा, ही ती रीत होय. संवेदकाची परीक्षाही अशीच करावी.

प्रथम इशाऱ्याकडे लक्ष द्यावे. अनेक मोटारींत मागचा गिअर टाकताच यंत्र स्वतःची तपासणी करते व दोष आढळल्यास नेहमीहून वेगळा, लांब स्वर काढते. मागे काही नसतानाही इशारा अखंड वाजत असेल, तर पडद्यावर चिखल वा पाण्याचे थेंब असावेत, किंवा धक्का लागून संवेदक जमिनीकडे वळला असावा. प्रथम मऊ ओल्या फडक्याने चकत्या पुसाव्यात. बंपर नव्याने रंगविला असल्यास रंगाचा जाड थरही पडद्याचे कंपन मंदावतो.

त्यानंतर सपाट जागी मोटार उभी करून हातब्रेक ओढावा आणि चाकांना अटकाव लावावा. इंजिन बंद ठेवून, परंतु किल्ली फिरवून, आत बसलेल्या व्यक्तीने मागचा गिअर टाकावा. प्रत्येक चकतीजवळ कान नेला असता बहुधा बारीक 'टिक् टिक्' ऐकू येते. जी मुकी असेल, तिच्यावर संशय घ्यावा.

परंतु संशय म्हणजे पुरावा नव्हे. संशयित संवेदक व शेजारचा चांगला संवेदक यांची कारागिराकडून अदलाबदल करवून घ्यावी. दोष संवेदकाबरोबर नव्या जागी गेला, तर संवेदकच बिघडला आहे; जुन्या जागीच राहिला, तर तार, जोडणी किंवा नियंत्रक यांत दोष आहे. पावसाचे पाणी जोडणीत शिरून तांब्यावर हिरवट गंज चढणे, हे यांपैकी एक कारण होय. ही परीक्षा न करता नवा संवेदक विकत घेतल्यास खर्च व्यर्थ जाण्याचा संभव असतो.

मौनाची कसोटी

लखनौ येथेच भारतीय रेल्वेची संशोधन, अभिकल्प व मानक संघटना आहे. रुळांच्या पोटातील तडे श्राव्यातीत ध्वनीने शोधण्याची कार्यपद्धती ती ठरवून देते. त्या पद्धतीत, मुद्दाम दोष निर्माण केलेल्या नमुन्याच्या रुळावर उपकरणाची पारख केली जाते. ठाऊक असलेला दोष त्यास सापडला, तरच इतरत्र त्याने पाळलेल्या मौनास अर्थ प्राप्त होतो.

मोटारचालकानेही हाच नियम पाळावा. अधूनमधून उभ्या मोटारीमागे प्रत्येक संवेदकासमोर एक फळी धरवून इशारा येतो की नाही, हे पाहावे. आणि यंत्र या कसोटीस उतरले, तरीही मोटार मागे घेण्यापूर्वी एकदा स्वतःच्या डोळ्यांनी मागे पाहावे.